तुमची डोंगरी सायकल आणि मोगराबाईचं बोट

आरोग्य केंद्राचा व्हरांडा, तालुका चोपडा
सोमवार, १४ नोव्हेंबर १९९४

ती. तोताराम दाजी यांस,

आधारचा सविनय जय भीम. अक्कालाही सांगा. मी इकडे खुशाल आहे. उजवं कोपर, डावा गुडघा आणि हनुवटी तेवढी वगळून वाचावं. तुमचं पोट कसं आहे? त्या पोटापायीच तर हे सगळं झालं. ते कमी करायला तुम्ही ती जाड टायरची, सरळ हँडलची सायकल घेतली, दीपनगरच्या कॉलनीत तीन दिवस फिरवली आणि चौथ्या दिवशी ‘आधारची नोकरी डोंगरात आहे, त्याला शोभेल’ म्हणून माझ्या गळ्यात मारली. वर दर आठवड्याला उतार कसा उतरावा याचं एक पत्र. अहो, तुमच्या कॉलनीतला सगळ्यात मोठा उतार म्हणजे गटारावरची फरशी! तिथे बसून तुम्ही मला सातपुडा शिकवता, याचा मला किती संताप येतो ते समक्ष सांगेन. (पत्रात सविनय लिहून बसलोय.)

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे, पण तुमच्या पत्रांवरून तसं वाटत नाही म्हणून पुन्हा सांगतो. मी हिवतापाचा कर्मचारी. पाड्यावर जायचं, ज्याला ताप आहे त्याचं बोट टोचायचं, रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि त्या पट्ट्या डब्यात घालून खाली केंद्रात आणायच्या. त्या तपासणारा लोटन फक्त सोमवारी येतो आणि दोनच्या एसटीने निघून जातो. चालत उतरलं तर मला एसटीची धूळ तेवढी दिसते, म्हणून सायकल. (वर जाताना मी तिला ढकलत नेतो, म्हणजे निम्मा प्रवास ती माझ्यावर बसून करते.) आणि सायकलवरून पडलं की काच फुटते. मग पुन्हा वर, पुन्हा तीच बोटं, आणि आठवडा गेला तो गेलाच.

पहिल्या सोमवारी तुमच्या आज्ञेप्रमाणे दोन्ही ब्रेक घट्ट दाबले. सायकल थांबली, मी थांबलो नाही. हँडलवरून थेट करवंदीच्या जाळीत, अकरा पट्ट्यांचा चुरा. तसं कळवलं तर तुमचं उत्तर आलं, ‘पुढचा ब्रेक एकदम दाबू नये.’ (हे आधी लिहायला काय झालं होतं?) दुसऱ्या सोमवारी पुढचा दाबलाच नाही, मागचं चाक फरफटलं आणि मी कुल्ल्यावर बसून निम्मा उतार उतरलो. मग तुमचं तिसरं पत्र: ‘वजन मागे टाकावे.’ टाकलं. इतकं मागे टाकलं की सायकल एकटीच पुढे गेली. ती नाल्यापर्यंत व्यवस्थित पोहोचली, तिला ओरखडासुद्धा नाही; डबा माझ्या खांद्याला होता, तो माझ्याखाली.

यात हसण्यासारखं तुम्हाला दिसेल, मला दिसत नाही. दगडीबाईची सून मोगराबाई एक दिवसाआड हुडहुडी भरून पडते. चार गोळ्या मी देतोच, पण पुरं औषध काच तपासल्याशिवाय देता येत नाही, आणि पोरगी डोळ्यांदेखत वाळत चाललीय. तिची पट्टी तिन्ही वेळा फुटली. चौथ्यांदा सुई काढली तर दगडीबाई दारात आडवी उभी. म्हणाली, “पडस तू, फुटस काच, आनि टोचस मनी सूननं बोट!” पाड्यानं ऐकलं आणि सगळ्यांनी हात काखेत घातले. मग तिनेच अट घातली: आधी डब्यात बारा अंडी घालून उतार उतर. एकही फुटलं नाही तर बोट मिळेल. फुटलेली मीच खायची, हीही तिचीच अट.

आता ऐका. पाड्यावर वेस्ता म्हणून एक जण आहे. डिंकाचं पोतं लादून हाच उतार तो जुन्या काळ्या सायकलवरून रोज उतरतो, एक ब्रेक कायमचा तुटलेला. त्याने आधी माझी सीट वीतभर खाली केली. दोन्ही पायडल एका पातळीत, बूड सीटवरून उचललेलं, गुडघे सैल; वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, वळणात नाही. आणि म्हणाला, “दगडकडे नको देखू. जठे जानं शे तठे देख.” दाजी, मी आजवर प्रत्येक दगडाकडे बघत होतो आणि नेमका त्याच दगडावर जात होतो! हे तुमच्या तीन पत्रांत कुठेच नव्हतं. पहिल्या दिवशी एक अंडं वाचलं, चौथ्या दिवशी सात. (आम्लेटचं नाव काढू नका.) परवा बाराच्या बारा. वेस्ताने ती तशीच परत वर नेली, दगडीबाईने एकेकाला नखाने टिचकी मारून पाहिली आणि सुनेचा हात पुढे केला.

आज चौदा पट्ट्या घेऊन जमिनीला पाय न टेकता उतरलो. शेवटच्या वळणावर तर चक्क मजा आली, आणि मजा आली याचाही राग आला. डबा लोटनच्या हातात दिलाय, बाकावर बसून हे लिहितोय. तरी कृपा करून यापुढे उतारावर पत्र पाठवू नये. अक्काला नमस्कार.

तुमचा,
आधार

ता. क. लोटन म्हणतो, एकही पट्टी तडकलेली नाही. सायकल परत मागू नका.

ता. क. लोटनने चहा मागवला. पट्ट्या टेबलाच्या कडेला होत्या, कप घेताना त्याचं कोपर लागलं. तेरा वाचल्या. चौदावी मोगराबाईची. मी या वेळी बाकावर स्वस्थ बसलेलो होतो, हे लिहून ठेवतो, कारण वर कोणी मानणार नाही.

ता. क. एसटी गेली. आता खरं काम सांगतो. रविवारी इकडे या. सल्ला नको, बोट घेऊन या. दगडीबाईसमोर पहिलं बोट तुमचं टोचायचं आहे. सुई पाहिली की तुम्हाला घेरी येते असं अक्का सांगते. येऊ द्या, खुशाल धाडकन पडा. तुम्ही पडलात की म्हातारी हसेल, आणि हसता हसता सुनेचा हात सोडेल. मला दुसरं काही सुचत नाही, दाजी. त्या पोरीला आणखी एक सोमवार चुकवणं झेपायचं नाही. या.