नवमीची पाहुणी

२१ सप्टेंबर, शनिवार

पोचले एकदाची. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी पाठीला सॅक लावून विद्यापीठात जायचं म्हणजे गंमतच आहे, पण आज दिवसभर मी मनातल्या मनात हसतेच आहे. घरमालकांची मुलगी मालविका बर्मिंगहॅमच्या स्टेशनवर घ्यायला आली होती. जन्म इथलाच, नोकरी बँकेत, मराठी आजीकडून शिकलेली. माझी बॅग उचलून तिने विचारलं, "वरदामावशी, तुमचा बॅग इतका जड का आहे? आतमध्ये कोण बसला आहे?" आत गोडा मसाला, मेतकूट आणि कुकर बसले होते. पोरगी मला तिथेच आवडली.

घर स्टर्चलीत, एका सायकलदुरुस्तीच्या दुकानाच्या वर. दोन खोल्या, पण स्वयंपाकघर असं की तिथेच राहावं. रस्त्याकडे बाहेर आलेली मोठी खिडकी, खिडकीत लाकडी टेबल, दोन खुर्च्या. एका खुर्चीची बैठक मधोमध झिजून खोलगट झाली आहे. कुणीतरी वर्षानुवर्षं तिथे बसून रस्ता पाहिला असणार. बॉयलर "थोडी मूडी" असल्याचं मालविकाने सांगितलं. मी म्हटलं, मग आमचं जमेल.

फ्रिजवर इशूचा फोटो लावला. आठ वर्षांची आहे, पुढचे दोन दात नुकतेच आलेत. माझ्याशिवाय ती कधी राहिलेली नाही, मीही तिच्याशिवाय राहिलेले नाही. नाताळच्या सुट्टीत तिचा बाबा, अंशुमन, तिला घेऊन येणार आहे. तोवर रोज दुपारी चारला मी इथून फोन करायचा, साताऱ्यात तिची झोपायची वेळ होते तेव्हा, असं ठरलं आहे.

२५ सप्टेंबर, बुधवार

आज अविधवा नवमी. आई गेली तेव्हा बाबा होते, अजूनही आहेत, म्हणून पितृपंधरवड्यातला तिचा दिवस हा. घरी वहिनी स्वयंपाक करील, ओळखीतल्या एखाद्या सवाष्णीला जेवायला बोलावील, जेवण झालं की तिची ओटी भरील. मलाही करावंसं वाटलं. आई गेल्यावरचं हे पहिलंच वर्ष आणि मी इतक्या लांब.

भात, वरण, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, खीर. वडे जमले नाहीत. पण सवाष्ण कुठून आणायची? मालविकाचं लग्न झालेलं नाही, वर्गातल्या बायकांशी अजून हवापाण्याच्या पलीकडे बोलणं नाही. शेवटी मी दोन पानं वाढली. समोरच्या खुर्चीपुढच्या ताटाशी कुंकवाचं बोट टेकवलं आणि मोठ्याने म्हटलं की आसपास जी कोणी असेल तिने माझ्या आईच्या नावाने दोन घास जेवून जावं. म्हटल्यावर स्वतःचंच हसू आलं. मग रडू आलं. मग जेवले.

ओटी भरायला समोर कोणी नव्हतं, म्हणून घरून आणलेला खण बॅगेतच राहिला. ताट उचलताना वाटीतली खीर थोडी कमी वाटली. बहुधा मीच कमी वाढली असेन.

६ ऑक्टोबर, रविवार

अभ्यास रुळला आहे. साताऱ्याच्या आमच्या शाळेत मी पंधरा-सोळा वर्षं कर्णबधिर मुलांना शिकवते, पण इथे त्यामागचं शास्त्र शिकताना रोज वाटतं की अरे, हे मी हातांनी करत होते, त्याला असं नाव आहे तर.

घरी येते तेव्हा घर रिकामं वाटत नाही. हे कसं लिहावं कळत नाही. किटली कोमट असते. खुर्चीवर टाकलेला स्वेटर घडी घालून ठेवलेला असतो. परवा ताप होता तर टेबलावर डोकं ठेवून झोपले, उठले तेव्हा अंगावर शाल होती. मी घेतली असेल, आठवत नाही. पण मी "आई" म्हटलं, आणि मला फार बरं वाटलं. हे अंशुमनला सांगितलेलं नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

आज घड्याळं तासभर मागे गेली. आता पाचच्या आतच अंधारतं.

फोनवर इशू नेहमीसारखी बडबडत नव्हती. माझ्याकडे न बघता माझ्या खांद्यावरून मागे बघत होती आणि हातांनी काहीतरी करून हसत होती. माझ्या वर्गात वाढलेली पोर, तिला खुणांची भाषा बोलण्याइतकीच येते. मी विचारलं, काय चाललंय. ती म्हणाली, तुझ्यामागच्या आजी ये म्हणतायत, मी म्हणतेय की ख्रिसमसला येणार आहे.

मी वळून पाहिलं. खिडकी, खुर्ची, बाहेर ओला रस्ता.

मी तिला विचारलं की आजी म्हणजे आपली आजी का. ती म्हणाली, नाही गं, आपली आजी जाडी होती.

३ नोव्हेंबर, रविवार

पाहिली.

मी भांडी विसळत होते, उजेड जात होता. त्या खोलगट खुर्चीवर एक म्हातारी बसली होती, काटकुळी, गोरी, फुलाफुलांचा एप्रन. माझ्याकडे नाही, खाली बघत होती. एप्रनची दोन टोकं दोन हातांत धरून तिने तो मांडीवर पसरला होता आणि धरूनच बसली होती. मी नळ बंद केला आणि ती नव्हती.

माणसांचे हात वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. पण ही खूण वाचायला शिक्षण लागत नाही. पदर असो की एप्रन, तसं बसलेली बाई मी जन्मभर बघत आले आहे. ती ओटीसाठी बसली आहे.

मी बोलावलं, जेवू घातलं, आणि ओटी न भरताच उठले. आमच्याकडे कोणी सवाष्णीला असं पाठवत नाही. ती गेलीच नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

बॉयलरच्या निमित्ताने मालविकाला बोलावलं. चहा घेताना आधी इथे कोण राहायचं ते विचारलं. ती म्हणाली, मॉरीन म्हणून एक आयरिश बाई होता, खूप स्वीट होता, मालविका लहान असताना तिला बिस्किटं द्यायचा. इथेच गेली, झोपेत. तरुणपणी मॉरीनला लग्नाशिवाय मुलगी झाली होती, घरच्यांनी ती तिच्या मांडीवरून उचलून दुसऱ्यांना देऊन टाकली. मॉरीन त्या खुर्चीवर बसून रस्ता बघायची आणि छोट्या मालविकाला सांगायची की एक दिवस ते तिला परत आणतील आणि इथे ठेवतील. इथे म्हणजे कुठे, ते मालविकाने स्वतःच्या मांडीवर थापटून दाखवलं. मग म्हणाली, "सॅड आहे ना, मावशी? तुम्ही का रडता?"

मी सवाष्णीला बोलावलं होतं. आली ती, जिला नवरा मिळाला नाही, लेक ठेवू दिली नाही आणि बहुतेक कोणी कधी मानाने जेवायलाही बोलावलं नाही. मला भीतीपेक्षा तिची दयाच आली.

९ नोव्हेंबर, शनिवार

सोहो रोडवरून नारळ आणला. खण काढला. तांदूळ, सुपारी, हळकुंड. खुर्चीच्या त्या खोलगट जागेत सगळं नीट ठेवलं, हळदीकुंकू लावलं, माझं चुकलं म्हटलं, आता सुखाने जा म्हटलं. मन हलकं झालं. अभ्यासाला ग्रंथालयात गेले.

परत आले तर सगळं जमिनीवर. फेकलेलं नव्हतं. नारळ भिंतीशी टेकवलेला, खणाची घडी तशीच, तांदळाचा दाणाही न सांडता छोटा ढीग. न आवडलेली भेट पाहुणा बाजूला ठेवतो तसं.

खुर्चीच्या खळग्यात फ्रिजवरचा इशूचा फोटो होता.

१७ नोव्हेंबर, रविवार

फोन आता घरातून करत नाही. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरून करते. आज इशूने विचारलं, आजींची मांडी उबदार असते का. मी म्हटलं, कोण म्हणालं असं. ती म्हणाली, त्याच, आत्ता, तुझ्या मागून. आणि दोन्ही हातांनी फ्रॉक पसरून दाखवला.

फोन बंद केला. माझी लेक रडली असेल.

२४ नोव्हेंबर, रविवार

अंशुमनला सगळं सांगितलं. येऊ नका म्हटलं. तो अगदी हळू, मी आजारी असल्यासारखा बोलला. म्हणाला, तू जेवतेस ना. इशू कॅलेंडरवर रोज फुली मारते आहे, आणि तुला या अवस्थेत एकटं सोडून मी साताऱ्यात कसा बसू. आम्ही येतो, मग बघू.

मी येऊ नका म्हटल्यामुळेच तो आता नक्की येणार.

मालविकाकडे राहायला जाते आहे. ती काही न विचारता हो म्हणाली.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

चार दिवस शांत गेले. मालविकाच्या घरी हसले, जेवले. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरचं विसरून घराचाच दोष असावा असं वाटायला लागलं होतं.

आज दुपारी ती कामावरून लवकर आली, जॅकेट काढत माझ्या खोलीत डोकावली आणि म्हणाली, "मावशी, तुमचा पाहुणा आला आहे का? किचनमध्ये पाठ करून बसला आहे. मी हॅलो केला, तो बोलत नाही."

बरोबरच आहे. ती घराची कुठे होती. बोलावलं मी.

त्या पोरीच्या घरात हे नको. बॅग भरली, परत आले.

८ डिसेंबर, रविवार

साताऱ्याला परत जायचं मनात आलं. तिकीटही बघितलं. मग लक्षात आलं की मी गेले तर ती माझ्याबरोबर येईल. आमच्या घरी. इशूच्या पलंगाशी.

म्हणजे जाताही येत नाही.

आता ती दिवसाही दिसते. काही करत नाही. भांडी विसळलेली असतात. माझी शाल घडी केलेली असते. फार चांगली आहे. एप्रन मात्र खाली सोडत नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

तिच्यासमोर बसले आज. समजावलं. मराठीत, इंग्रजीत, हातांनी. माझी आहे ती, एकुलती, मी देऊ शकत नाही. तिने पहिल्यांदा वर पाहिलं. डोळे आईसारखे — कुठल्याही आईसारखे.

मग हाताने दाखवलं. इतकीशी. मांडीपासून इतकी उंच.

इशूची उंची.

१७ डिसेंबर, मंगळवार

रिकामी ओटी घेऊन ती उठणार नाही. नारळ नको, खण नको. मुलगी हवी.

दिवसभर एकच विचार. मी पण कुणाची तरी मुलगी आहे. माझी आई आता नाही. म्हणजे माझ्यावर हक्क सांगणारं — म्हणजे मी मोकळी —

नको. इशूला आई लागेल.

पण इशू तर राहील ना.

१९ डिसेंबर, गुरुवार

अंशुमनला कळवलं, विमानतळावरून थेट मालविकाकडे जा, इथे येऊ नका. हो म्हणाला. त्या हळू आवाजात. येईलच तो इथे.

उद्या. ते यायच्या आत.

२० डिसेंबर, शुक्रवार

अंघोळ केली. केस विंचरले. कुंकू लावलं तिला, तिने लावू दिलं. कपाळ गार.

खाली बसले खुर्चीशी. वही गुडघ्यावर. डोकं ठेवते आहे —

साबणाचा वास आहे. ऊब आहे. इशू बरोबर म्हणाली होती.

केसांतून हात. किती दिवसांनी कोणी —

तिने एप्रनची टोकं सोडली. माझ्यावरून पांघरली. हलकेच. आता ती घेईल आणि जाईल. आता झालं. माझी वाचली, माझी —

नाव लिहायला गेले. थांबले. येईल आठवून.

फार छान वाटतंय. बाहेर अंधारतंय. आम्ही दोघी रस्ता बघतोय.

टॅक्सी थांबली. एक माणूस उतरला, एक लहान मुलगी. खाली बेल वाजली. मग जिन्यात पावलं.

दारावर थापा. ती मुलगी आई आई करते आहे. दोन दात नवे दिसतात फटीतून, दारातल्या पत्रं टाकायच्या फटीशी तोंड लावून हाका मारते आहे. गोड आहे. कुणाची असेल.

इतकी रडते आहे तर तिची आई दार का उघडत नाही. कशी बाई असेल. मीच उठून बघते जरा, म्हटलं तर ही हात सोड —