पाटकरीची चावी आणि माझ्यावरची बंदी

मी, जयपाल बाबगोंडा मगदूम, वय ७२, निवृत्त कालवा निरीक्षक, राहणार समडोळी, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे सोडले तर प्रकृती ठीक आहे. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. उलट मुलगा सम्मेद याने दोनदा नको म्हटले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, घरातील सर्व सामान आणि बँकेतील शिल्लक पत्नी सौ. चंदनबाला हिला, तिच्या पश्चात सम्मेदला. ओढ्याकडचे सव्वा एकर सम्मेदला. विकायचे झाल्यास आईला विचारावे.

२. पाणी मोजायची पट्टी आणि नोकरीतल्या सर्व डायऱ्या गावच्या पाणी वापर संस्थेला. पाळी नसताना कोणाला पाणी दिल्याची नोंद त्यात सापडणार नाही. शोधून पाहावे.

३. चुलतभाऊ गुंडा याला काही ठेवलेले नाही. त्याने नेलेला सायकलचा पंप मात्र आजपासून त्याचाच. मी त्याच्या घरी गेलो की पंप पोत्याखाली सारायची त्याला गरज नाही.

४. आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. माझी मुलगी श्रद्धा हिने ‘पाटकरी’ नावाचा प्रोग्रॅम तयार केला. कालव्याचे पाणी पाळीप्रमाणे सोडणाऱ्या माणसाला आमच्याकडे पाटकरी म्हणतात. कोणाची पाळी कोणत्या तासाला, हे हा प्रोग्रॅम शेतकऱ्याला फोनवर कळवतो. त्याचा कोड खुला आहे. कोणीही वाचावा, सुधारावा, घेऊन जावा. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील नव्वदएक गावे तो वापरतात. सुधारणा करणारी माणसे एका ग्रुपवर बोलतात. कोणाची सुधारणा घ्यायची आणि भांडण झाले तर कोणाला बंद करायचे, हे श्रद्धा ठरवत असे. गेल्या डिसेंबरात, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ती आजाराने गेली. त्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही.

५. २०२४ च्या निवडणुकीत त्या ग्रुपवर जे झाले, ते लोक आपापल्या सोयीने सांगतात. खरे असे आहे. फलटणकडचे निवृत्त सुभेदार हंबीरराव रणवरे हे पाटकरीतले जुने कार्यकर्ते. रेंज नसलेल्या शिवारातही पाटकरी चालतो, ते काम त्यांचे. त्यांनी पाटकरीच्या पहिल्या पानावर त्यांच्या पक्षाच्या उमेदवाराचा फोटो टाकला. श्रद्धाने तो काढला आणि त्यांना दहा दिवस बंद केले. त्यांचा फोन आला तेव्हा मी शेजारी होतो.

“आवं ताई, पाण्याची योजना आमच्या साहेबांनीच आणली. फोटो लावला तर पाणी काय गढूळ हुतंय?”

“पाणी नाही होत, दादा. पण दुसऱ्या पार्टीचा शेतकरी ते उघडायचा नाही आणि त्याची पाळी चुकायची.”

त्यांनी फोन ठेवला आणि दहा दिवसांची बंदी पाळली. मी दुसऱ्या पार्टीचा. मला चेव आला. मी ग्रुपवर लिहिले, “सुभेदार आता साहेबांच्या गाडीचे दार उघडायला लागले.” एकोणीस जणांनी अंगठे दाखवून शाबासकी दिली. अर्ध्या तासात मी बंद झालो.

जेवताना विचारले, “त्याला दहा दिवस आणि बापाला बेमुदत?”

“त्यांनी फोटो लावला, अण्णा. तुम्ही माणसाला लागेल असं बोललात.”

मी ताट सरकवले. ती म्हणाली, “बंदी ग्रुपवर आहे, भाकरीवर नाही. जेवा.”

आठ दिवस मी तिच्याशी बोललो नाही. स्टँडवर गुंडा चार लोकांत म्हणाला, “काय अण्णा, पोरीनं बी रिटायर केलं व्हय?” श्रद्धाला दोन्हीकडून शिव्या पडल्या. फोटो काढला म्हणून साताऱ्याकडचे तिला सांगलीवाली म्हणाले, मला बंद केले म्हणून आमचे तिला फितूर म्हणाले. वीस गावे कोडची प्रत घेऊन वेगळी झाली. ती प्रत तिनेच त्यांना चालू करून दिली. “खुलं म्हणजे जायलाही खुलं,” म्हणाली. तेव्हा राग आला होता. आज तिचे हे वाक्य मी लोकांना सांगत असतो.

६. तिचा नियम असा होता. अपमान करणाऱ्याने, ज्याचा केला त्याच्याकडे क्षमा मागायची. दुखावलेला माणूस ती स्वतःच्या हाताने ग्रुपवर टाकेल, तेव्हा बंदी उठेल. नियम तिने घरातूनच घेतला. आम्ही जैन दशलक्षण पर्वानंतर क्षमावणीला वर्षभरात दुखावलेल्या माणसांच्या दारी जातो आणि ‘उत्तम क्षमा’ म्हणतो. गेल्या क्षमावणीला श्रद्धा अंथरुणावर होती. मी सबंध गल्ली फिरून आलो. तिने विचारले, “अण्णा, सगळ्यांकडे जाऊन आलात?” मी हो म्हणालो. फलटणला गेलो नव्हतो. तिला ते ठाऊक होते. 

पुढच्या महिन्यात तिने मला एक बंद पाकीट दिले. त्यात पाटकरीचा मुख्य पासवर्ड आहे. तो ज्याच्याकडे, त्याचा शब्द शेवटचा. मी म्हणालो, “बंद केलेल्या माणसाकडे चावी देतेस?” ती म्हणाली, “म्हणूनच. तुम्ही स्वतःला आत घेणार नाही. योग्य माणूस बघून द्या.” पाकीट मी उघडलेले नाही. कपाटात, डायऱ्यांच्या मागे आहे.

७. सम्मेद म्हणतो, ताईची वस्तू घरात राहू दे, तुमची बंदी मी एका मिनिटात उठवतो. सम्मेद, तुझी माया मला कळते. पण ही घरातली वस्तू नाही. पाकीट वाईच्या पूजा शेलार हिला द्यावे. ती संगणकाचे वर्ग घेते आणि श्रद्धा गेल्यापासून ग्रुपचे रोजचे काम पाहते. बंदीआधी मी सुचवलेल्या दोन सुधारणा तिने चुका दाखवून परत पाठवल्या होत्या. दोन्ही वेळा तिचे बरोबर होते. श्रद्धाचा लॅपटॉपही तिलाच.

८. हंबीरराव रणवरे यांस. मी तुम्हाला जे बोललो ते खोटे होते आणि मला ते लिहितानाच माहीत होते. लोक हसतील म्हणून लिहिले. उत्तम क्षमा. श्रद्धा असताना आलो नाही, ही माझी दुसरी चूक. तिची क्षमा मागायला मला दार उरले नाही.

हे कलम हंबीररावांनी साक्षीदार म्हणून सही करण्याआधी, आमच्या सोप्यात बसून वाचले. चष्मा पुसला. म्हणाले, “आवं अण्णा, ह्ये वाचायला तुमच्या मरणाची वाट बगायची व्हय मी? फोन हितंच हाय.” मी म्हणालो, “आधी सही करा.” ते म्हणाले, “आधी ह्ये.” एका बोटाने सगळे कलम ग्रुपवर टाकायला त्यांना बराच वेळ लागला. चंदनबालाने दोनदा चहा केला. वाईहून पूजाने लगेच बंदी उठवली आणि विचारले, बंदीची जुनी नोंद काढून टाकू का?

९. नोंद काढू नये. माझ्या पश्चात सम्मेदने, पूजाने किंवा पुढे येणाऱ्या कोणीही ती पुसू नये. ग्रुपवर नवा माणूस आला की नियमांच्या आधी त्याला ती दाखवावी. नोंद अशी आहे: “जयपाल मगदूम. माणसाचा अपमान. क्षमा मागेपर्यंत बंद. नाते: वडील. — श्रद्धा मगदूम.”

या मृत्युपत्राची अंमलबजावणी सम्मेदने करावी. वरील सर्व मी वाचून पाहिले असून मला मान्य आहे.

सही: जयपाल बाबगोंडा मगदूम

आमच्या समक्ष सही केली, आम्ही त्यांच्या समक्ष केली:
१. हंबीरराव रणवरे, निवृत्त सुभेदार, तालुका फलटण, जिल्हा सातारा
२. बनाबाई खोत, निवृत्त शिक्षिका, समडोळी

ठिकाण: समडोळी
दिनांक: १४ मार्च २०२६