तिसऱ्या हाकेआधी

बजाजनगर,
२ ऑगस्ट २०२५

ती. आशाआत्यास,
तनुजाचा शि. सा. न. वि. वि., आणि लांबूनच एक मिठी.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन तू डब्यात घालून ठेवतेस, म्हणून पत्र. बातमी अशी, की कंपनीतले आम्ही अकरा जण सतरा तारखेच्या रविवारी कन्नडला येऊन डोंगर चढणार. आपलाच डोंगर. पुढारी मीच! हसू नकोस.

रेनकोट, दोर, विजेरी, पिशवीत बांधलेले कोरडे कपडे, प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, एवढं झालंय. मोबाइल म्हणतो ऊन पडणार. आई म्हणते, तिथलं वारं मोबाइलला विचारून फिरत नाही, आशाबाईंना विचार. मी दोन वर्षांची असताना पप्पा तिथं गेले, पाय घसरला, एवढंच मला माहीत आहे. ती जागा एकदा बघायचीय.

लोभ असू दे, रागावलीस तरी चालेल.
तुझी तनू

कन्नड,
७ ऑगस्ट

चि. तनूस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

काय ते अक्षर तुझं, डॉक्टरची चिठ्ठी बरी! आणि पुढारपणाची लई हौस.

जाऊ नको, एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते. पण तू ऐकणारी नाय, बापावर गेलीस, बन्सीवर. तर ऐक. सकाळी सातला चढा, बाराला कुठंबी असा, माघारी फिरा. वारं एकदम पडलं, पाखरं गप झाली, की समज धुकं आलं. मग चार हातावरचा माणूस दिसत नाय. तेव्हा कड्याची बाजू सोडून गुमान बसायचं. ओढा गढूळ झाला की वर पाऊस पडलाय असं धरायचं, पाण्यात पाय घालायचा नाय. गूळ-शेंगदाणे खिशात ठेवा, पिशवीत नको. भिजलेला कपडा अंगावर वाळवू नका.

जागेचं विचारू नको. बावीस वर्षं त्या बाजूची खिडकी मी उघडली नाय. कान गेले, तरी डोंगरावर धुकं उतरलं की मला ऐकू येतं. काय, ते बी विचारू नको.

माया पातळ करू नको.
तुझी आत्या

बजाजनगर,
११ ऑगस्ट

ती. आत्यास, सा. न.

तुझ्या सूचना कँटीनमध्ये सगळ्यांना वाचून दाखवल्या, शेवटचं सोडून. आमच्यातला राजकुमार तुमच्याकडचाच. तो म्हणाला, आपल्या डोंगरावर धुक्यात हाक आली तर तिसरीपर्यंत ओ द्यायची नसते, भूत दोनदाच हाक मारतं. आम्ही पोट धरून हसलो. पण मला ती रीत आवडली. एक-दोन शिट्ट्या कुणी गमतीनंही मारतं, त्यामागं कोण धावणार? म्हणून नियम केलाय, तीन शिट्ट्या झाल्या तरच उत्तर द्यायचं. बघ, तुमचं जुनं काहीतरी कामी आलं!

खुशाल राहा, मशीन लाव.
तनू

कन्नड,
१४ ऑगस्ट

तनू,

टपालानं रविवारच्या आत पोचायचं नाय, म्हणून शेजारच्या सत्यमच्या हाती देते. तो तुमच्या तिकडंच, वाळूजला कामाला येतो.

तो नियम मोड. आजच्या आज मोड. त्याच नियमानं तुझा बाप गेला, आणि नियम पाळणारी मी.

श्रावणात बन्सी आणि मी रानभाजीला गेलो होतो. धुक्यात चुकामूक झाली. त्याची हाक आली, आक्काऽ. ओ तोंडात आली होती, मी हातानं तोंड दाबलं. लहानपणापासून तेच शिकवलेलं. दुसरी हाक आली, बारीक. मी मनात म्हणाले, बन्सी असला तर मारील की अजून एकदा. आणि उभी राहिले. तिसरी आलीच नाय.

धुकं फाटलं तेव्हा वीस पावलांवर कड्याच्या तोंडाशी झुडूप उपटलेलं होतं. तो खाली. पाय घसरला हे खरं, पण दोन हाका मारण्याएवढा वेळ त्यानं ते झुडूप धरलं होतं. माझा हात पुरला असता गं.

तुझ्या आईला मी हे सांगितलं नाय. तू सांग, नायतर नको. मला आत्या म्हण, नायतर नको. पण पहिल्या हाकेला ओ दे, पोरी.

आशा

बजाजनगर,
२१ ऑगस्ट

आत्या,

सगळे सुखरूप आहोत. सत्यमनं चिठ्ठी दिली तेव्हा तुझ्यावर इतकी संतापले, की उत्तर लिहिलंच नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.

नियम मोडला. साडेदहाला वारं पडलं, पाखरं गप्प झाली, आम्ही बसलो. आमच्यातली रूपा मागं राहिलीय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. एकच शिट्टी आली, तीही अर्धी. आम्ही दहाही जण एकदम ओरडलो आणि एकमेकांना दोर बांधून आवाजाच्या दिशेनं सरकलो. उतारावर एका दगडाला ती दोन्ही हातांनी धरून होती. शिट्टी तोंडातून सुटली होती, दुसरी वाजलीच नसती. घोटा सुजलाय, बाकी ठीक. तिला वर ओढलं आणि मी रडत सुटले. तुझ्यावरचा राग तिथंच गळाला. शनिवारी तुझ्याकडं येतेय, आणि आत्याच म्हणणार आहे.

एक राहिलं. अकरा जण मोजून झाले, आणि कड्याखालून हाक आली. पुरुषाचा आवाज, आक्काऽ म्हणून. राजकुमार म्हणाला, कुणी गुराखी बहिणीला हाक मारत असेल. असेलही. मी तिसऱ्या हाकेसाठी थांबले नाही. तुझ्या नावानं ओ दिली, घसा फाटेस्तोवर.

नंतर हाक आली नाही.

तुझीच,
तनू