बाहुलीच्या मानेतलं नाव

मी, सेइगो कुरामोचि, वय बावीस, राहणार इवात्सुकी, बाहुल्या दुरुस्त करणारा, तिसऱ्या वर्षी कॉलेज सोडलेला, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. परवा माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर आहे. ते कधीच नव्हतं, असं त्सुगुमी म्हणेल.

१. हत्यारं आणि ब्रश माझे गुरू निशिओका यांना परत द्यावेत.

२. मोटारसायकल वडिलांना. बाहुल्यांपायी पदवी घालवली, हे त्यांनी निदान माझ्या पश्चात म्हणू नये.

३. कॉलेजातला माझा मित्र कादोवाकी याला काही नाही. माझी छत्री त्याच्याकडेच आहे, त्सुगुमीला घरी सोडताना वापरतो. राहू दे.

४. माझी वही आणि अमेरिकेतल्या संग्रहालयांची पत्रं त्सुगुमीला. कारण लिहिणं भाग आहे. १९२७ साली इथल्या शाळकरी मुलींनी मैत्रीची भेट म्हणून एक बाहुली अमेरिकेला पाठवली. तिच्या डाव्या बाहीत त्सुगुमीच्या आजीने, फुमीने, वयाच्या आठव्या वर्षी एक चिठ्ठी शिवली होती. युद्धात बाहुलीचा पत्ता हरवला. तीन वर्षं शोधून मी ती गेल्या वसंतात पाहुणी म्हणून आणवली. स्वागत समारंभाच्या आदल्या दिवशी तिची मान उघडली, कारागीर आपलं नाव तिथेच लिहितो, तर आत भलत्याच कारागिराचं नाव. जपानभरातून अशा कितीतरी बाहुल्या गेल्या होत्या; तिकडे गावोगाव मिरवताना बाहुल्या आणि नावाच्या पाट्या यांची अदलाबदल झाली होती. मी गप्प राहिलो. समारंभात आजींनी तिचा डावा हात धरला, "आलीस?" म्हणाल्या. मग कादोवाकी भाषणात शोधाचं श्रेय घेऊ लागला आणि माझं डोकं फिरलं. भर सभेत ओरडलो, "ही ती नाहीच."

बाहेर त्सुगुमी एवढंच म्हणाली, "तुझंच खरं ना? मग आता त्या खऱ्याशीच लग्न कर." तेव्हापासून बोललेली नाही.

त्सुगुमी, आपली बाहुली तिकडे परक्या नावाने कुठेतरी उभी आहे. एकोणीस ठिकाणांची उत्तरं यायची आहेत. आजी सत्त्याहत्तर वर्षांच्या झाल्या. राग माझ्यावर काढ, शोधावर काढू नकोस. पाया पडतो.

५. आजींना द्यायला माझ्याकडे काही नाही. त्यांचं होतं तेही मी हिसकावलं.

इवात्सुकी, ९ ऑक्टोबर १९९६
सेइगो कुरामोचि

साक्षीदार:
१. इकुए मात्सुनागा, नर्स
२. फुमी हिरानुमा (भेटायला आले होते, वाचून सही केली.)

सेइगो, हात धरला तेव्हा बाहीत काही लागलं नाही, तेव्हाच मला कळलं होतं. पण इतक्या लांबून आलेल्या पोरीला "तू आमची नाहीस" असं तोंडावर कसं सांगायचं? बरा होऊन ये. आधी ती कुणाची ते शोध. तिचीही कुणी म्हातारी वाट बघत असेल.