गुडघ्याखालचा चेंडू

लोअर हट,
सोमवार

प्रिय उत्तरा,

पत्र बघून घाबरू नकोस. आम्ही दोघंही ठणठणीत आहोत, बीपीची गोळी वेळेवर घेतो आहे, आणि मकरंदच्या अंगणात मेथी उगवली म्हणून तुझी आई खुशीत आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू गोळ्यांचं विचारतेस, मी घेतली म्हणतो, मग मी तिकडच्या उन्हाचं विचारतो आणि तू फोन आईकडे द्यायला सांगतेस. एकोणतीस वर्षं आपण दोघं असंच बोलत आलो, सॉफ्टबॉल सोडून सगळं. आज मला सॉफ्टबॉलबद्दलच लिहायचं आहे. वाचावंसं वाटलं नाही तर बाजूला ठेव, पण फाडू नकोस.

तुझी भाची ओवी इथल्या क्लबकडून खेळते, हे तिच्या बापाने, मकरंदने, तुला सांगितलं असेल. मी मुद्दामच सांगितलं नव्हतं. बारा वर्षांची आहे, डावखुरी, आणि बॅट धरताना कोपर जरा जास्तच वर काढते. हे कोणाकडून आलं ते तुला माहीत आहे. मी तिला कोपर खाली घे म्हणून सांगत नाही. तुला सांगून काही उपयोग झाला नव्हता.

शनिवारी सकाळी नदीकाठच्या मैदानावर आईबाप घडीच्या खुर्च्या, थर्मास आणि पांघरुणं घेऊन जमतात, कारण वारा असा की टोपी सांभाळावी की चहा, असा प्रश्न पडतो. एरवी ही माणसं इतकी सौम्य, की दुकानात धक्का लागला तर ज्याला लागला तोच सॉरी म्हणतो. पण पंचाने स्ट्राइक दिला की यांच्या अंगात येतं. निळ्या शर्टामुळे पंचाला इथे ब्लू म्हणतात. ‘कम ऑन, ब्लू! दॅट्स माइल्स लो!’ असा एकच गिल्ला. आपला मकरंद घरात तोंडातून ब्र काढत नाही, तिथे मात्र सगळ्यांत पुढे.

तुझ्या आईला हा खेळ अजूनही कळत नाही. एवढं ओरडण्यासारखं झालं काय, असं तिने विचारलं, तेव्हा मी तिला कितव्यांदा तरी समजावलं. बॅट घेतलेल्या मुलीपुढे जमिनीवर जी पांढरी प्लेट असते, तिच्या वर हवेत एक न दिसणारी खिडकी असते. रुंदी प्लेटइतकी, उंची मुलीच्या गुडघ्यापासून काखेपर्यंत. न खेळलेला चेंडू त्या खिडकीतून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल. तीन स्ट्राइक झाले की आउट, चार बॉल झाले की पहिला बेस फुकट. आणि खिडकी कुठे आहे ते पंच सांगेल. यावर ती म्हणाली, मग भांडणं होणारच की. एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. चेंडू प्लेटच्या आत होता की बाहेर, हे मागे वाकलेल्या पंचालाच नीट दिसतं. पण खाली होता की नाही, हे कडेला बसलेल्यालाही दिसतं. त्यामुळे ओरडणारे दर वेळी खोटे नसतात.

पंधरा वर्षं इथे विरेमू नावाचे गृहस्थ पंच होते. आठवडाभर बस चालवायची आणि शनिवारी फुकट शिव्या खायच्या, असा त्यांचा क्रम. महिन्यापूर्वी एका निर्णयावर इतका गदारोळ झाला, की त्यांनी तोंडावरची जाळी काढून मकरंदच्या मांडीवर ठेवली, ‘यू हॅव अ गो, देन’, मग तूच करून बघ, एवढंच म्हणाले आणि गाडीत बसून गेले. मकरंदने आपली लाज झाकायला सगळ्यांना सांगून टाकलं, की माझे वडील भारतात राज्य पातळीवर पंच होते. अशा रीतीने त्र्याहत्तराव्या वर्षी माझ्या अंगावर निळा शर्ट आला. ओवीच्या सामन्याला मी नको, असं मी सांगून पाहिलं. दुसरं कोणी नव्हतं.

एकोणतीस वर्षांपूर्वी अमरावतीला, तुझ्या त्या सामन्याच्या दिवशीही दुसरं कोणी नव्हतं. अकोल्याहून येणारे पंच आलेच नाहीत आणि जाळी माझ्या हातात आली. सामना सुरू होण्याआधी कडेला कोणीतरी, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालं, की पोरीचा बापच पंच आहे, आज निकाल घरीच लागला. शेवटची इनिंग, तुम्ही एका रनने मागे, दोन आउट, तिन्ही बेस भरलेले. तुझे तीन बॉल, दोन स्ट्राइक. चेंडू आला, तू बॅट हलवली नाहीस, उलट ती खाली टाकून पहिल्या बेसकडे दोन पावलं टाकलीसही. बॉल दिला असता तर तिसऱ्या बेसवरची मुलगी घरी येऊन बरोबरी झाली असती; मी स्ट्राइक दिला. सामना गेला आणि राज्याच्या संघात समोरच्या मुली निवडल्या गेल्या. लोकांनी माझी पाठ थोपटली. मास्तर नाकासमोर चालणारा माणूस, स्वतःच्या लेकीलाही सोडलं नाही, म्हणाले. स्कूटरवर मागे बसून तू एकदाच विचारलंस, बाबा, कुठे होता तो? मी म्हणालो, पंचाला विचारायचं नसतं. घरी येऊन तू ग्लोव्ह माळ्यावर टाकलास. मला वाटलं, आठ दिवसांत काढशील.

परवा ओवीचेही तीन बॉल, दोन स्ट्राइक होते. चेंडू येतानाच मला दिसला, खाली होता. आणि माझा उजवा हात वर गेला, म्हणजे स्ट्राइक. खुर्च्यांवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं, की ही माझी नात. समोरच्या संघातला एक बाप टाळ्या वाजवून म्हणाला, ‘फेअर कॉल, ग्रँडड!’ आमच्या बाजूचं कोणीच ओरडलं नाही. मकरंद आपल्या पायातल्या चपलांकडे बघत बसला. मला विरेमूंचा हेवा वाटला, त्यांना निदान शिव्या तरी मिळायच्या.

घरी आल्यावर ओवी स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ‘आजोबा, वॉज दॅट ॲक्चुअली अ स्ट्राइक?’ पंचाला विचारायचं नसतं, हे वाक्य जिभेवर तयार होतं. पण ती माझ्याकडे बघत होती. तू स्कूटरवर मागे होतीस, तुझा चेहरा मला दिसला नव्हता. मी म्हणालो, नाही गं, खाली होता, मी चुकीचा दिला. ती म्हणाली, ‘आय न्यू इट!’ मग ‘स्वीट ॲज’ म्हणाली, म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत ‘चालतंय, काही हरकत नाही’, आणि फ्रिजमधून दही काढून खायला बसली. मी मात्र बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ उभा राहिलो. रडलो, असं लिहायला हरकत नाही.

तुझ्यावर ‘स्वीट ॲज’ म्हणायची सक्ती नाही. उत्तरही नाही दिलंस तरी चालेल. पण जे नातीला एका मिनिटात सांगितलं, ते लेकीला सांगायचं राहून जायला नको, म्हणून हे पत्र. तो चेंडू तुझ्या गुडघ्याच्या चार बोटं खाली होता. मला तेव्हाच दिसला होता. नजर चुकली असती तर त्याच संध्याकाळी कबूल केलं असतं. नजर चुकली नव्हती, मी लोकांच्या तोंडाला भ्यालो आणि बळी तुझा दिला. सतराव्या वर्षी, सगळं मैदान ओरडत असताना, तू तो चेंडू ओळखलास आणि सोडलास. तो बॉल होता, उत्तरा. पहिल्या बेसकडे तू जी दोन पावलं टाकली होतीस, ती बरोबर होती.

तुझाच,
बाबा