तापावर घेतलेला आळ

अण्णा,

तुमच्या आजाराचं नाव मला यंदा कळलं. तुम्ही होतात तोवर आपल्या घरात त्याला नावच नव्हतं. आई ‘ह्यांचं ते’ म्हणायची, चाळीतले लोक कपाळाशी बोट फिरवायचे, आणि काकूचा विषय निघाला की आई बोलणं तोडून दाराकडं बघायची. आता धाकट्याला तेच झालंय. म्हणून लिहायला बसले. तो आता बरा आहे, हे आधी सांगते, नाहीतर पुढचं तुमच्या कानात शिरायचं नाही.

तुम्हाला टायफॉइड झाला तेव्हा मी पाचवीत होते आणि धाकटा नुकता चालायला लागला होता. तुम्ही दवाखान्यात, आई दिवसभर तुमच्याजवळ, आणि काळेवाडीतल्याच मागच्या गल्लीतून काकू रोज तुमच्यासाठी डबा पाठवायची. घरी आलात तेव्हा अंगावर मांस नव्हतं. मग हळूहळू डोळ्यांत काहीतरी पेटलं. झोप उडाली. बोलणं इतकं भरभर की आम्हाला मधे हूं म्हणायला फट सापडेना. भोसरीतली लेथवरची नोकरी सोडून स्वतःचं वर्कशॉप काढणार, लातूरहून सगळ्या भावकीला इथं आणणार. एका रविवारी सकाळी तुम्ही पोपटी रंगाचा डबा आणलात आणि चाळीतली सगळी दारं रंगवायला घेतलीत, कुणालाही न विचारता. घरमालकीण मावशींच्या पदराला रंग लागला तशा त्या ओरडल्या, “अवो, इचारायचं तरी! दार कुनाचं हाय?” तुम्ही हसत म्हणालात, “मावशी, आता तुमचं घर थेट पुलावरनं दिसंल.” मला तर फार मजा वाटली. त्याच आठवड्यात तुम्ही मला व्हर्निअर आणून दिलंत, कारखान्यात जाडी मोजतात ते पोलादी माप. पाचवीतल्या पोरीला! ओट्यापाशी मांडी घालून पेन्सिलीची जाडी कशी मोजायची ते शिकवलंत. आणि मग भिंतीकडं तोंड करून जे झोपलात ते दिवाळी आली तरी उठला नाहीत.

अण्णा, त्या मापाचा मला अजून संशय आहे. ते तुम्ही दिलंत की त्या आजारानं, हे मला ठरवता येत नाही.

आईनं कारण तेव्हाच ठरवून टाकलं होतं. “दवाखान्यात जायच्या आधी चांगले होते. तिथं तिचं खाल्लं आणि आल्यापासून असं. जावेला आपलं चांगलं बघवत नव्हतं.” लिंबू आले, अंगारा आला, तुमच्या उशाखाली काय काय आलं. त्या घरचं काही खायचं नाही, हे मला डोळ्यांनीच शिकवलं गेलं. पुढं तुम्ही सावरलात, कामावर जायला लागलात, त्या दिवसांतली ती दुपार. काकूनं मेथीची भाजी पाठवली होती. मी झाकण उघडून नाक खाली नेलं. तुम्ही मागं उभे होतात.

“अन्नाचा वास घेऊन बघायलीस? कुणी शिकवलं तुला?”

मी आईकडं पाहिलं. तुम्ही डबा ओढून घेतलात आणि भाकरीबरोबर ती सगळी भाजी उभ्या उभ्या संपवलीत. “बघ. मेलो का?” असं मला म्हणालात, पण ते आईला होतं. आई पदर तोंडाशी धरून बाहेर गेली. त्या वर्षी तुम्ही पुन्हा बिघडलात, आणि आईच्या दृष्टीनं सगळं सिद्ध झालं. तुम्ही छातीत दुखून गेलात तेव्हा काकू दिवसभर उंबऱ्याबाहेर बसून होती. आईनं तिला आत बोलावलं नाही.

आता मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. संशय घेणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. पार्ट रिजेक्ट झाला की ‘का’ विचारायचं, मिळालेल्या उत्तरालाही ‘का’ विचारायचं. धाकटा त्याच पट्ट्यात दुसऱ्या कंपनीत लाइनवर आहे, कुरुळीत मित्रांबरोबर खोली करून राहतो. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी त्याला डेंग्यू झाला, राजगुरुनगरला ॲडमिट केलं. बरा झाला, कामावर गेला. मग एका सकाळी माझी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी कंपनीच्या गेटवर उभा. डोक्याचा गोटा केलेला, अंगात दुसऱ्याचा शर्ट. “ताई, कंपनी सोडली. चाकणपासून तळेगावपर्यंत सगळ्या कामगारांना घरचं जेवण द्यायचं. आईला मुख्य करायचं. तू हो म्हण फक्त.” मी त्याचं बोलणं ऐकलंच नाही. मी त्याचे डोळे बघत होते. ते डोळे मी पोपटी दारांसमोर पाहिले होते.

आणि लाज वाटते सांगायला, मी त्याला पहिला प्रश्न काय विचारला असेल? “दवाखान्यात तुला भेटायला काकू आली होती ना? तिनं काय आणलं होतं?”

“मऊ भात,” तो म्हणाला. “का?”

चिंचवडला मानसोपचाराच्या डॉक्टर आहेत, माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी धाकट्याशी बराच वेळ बोलून घेतलं आणि मग मला विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का. मी तुमचं सगळं सांगितलं. दारं सांगितली, भिंत सांगितली. त्यांनी विचारलं, “वडिलांना त्याआधी काही मोठा आजार?” टायफॉइड म्हटल्यावर त्यांचं पेन थांबलं. मग त्यांनी बायपोलर हा शब्द समजावून सांगितला, कधी असं उधाण तर कधी भिंतीकडं तोंड, आणि पुढं म्हणाल्या की जंतुसंसर्ग झाला की शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते. ती कशी जागी व्हायची आणि कशी शांत व्हायची, हे ठरवणारी जनुकं घराण्यातून येतात. काही जणांत ती नीट शांत होत नसावी, आणि त्याचा मेंदूवर परिणाम होऊन या आजाराचा धोका वाढत असावा, असं संशोधकांना वाटतंय.

“म्हणजे तापामुळं झालं?”

“असं म्हणता येणार नाही. ताप कितीतरी लोकांना येतो, त्यांना हे होत नाही. आणि कधीच मोठा ताप न आलेल्यांनाही हा आजार होतो. धोका वाढत असावा, इतकंच. नक्की कसा, ते अजून कळलेलं नाही.”

मला ते पटेना. इतकी वर्षं काकूवर आळ होता, आता एकदम सगळे निर्दोष आणि गुन्हेगार कोण, तर डोळ्यांना न दिसणारा जंतू? मी म्हटलं, “मॅडम, आमच्याकडं कारण सापडलं नाही की मटेरियल खराब होतं असं लिहून मोकळे होतात.”

त्या रागावल्या नाहीत. “मी मोकळी होत नाहीये. माहीत नाही ते माहीत नाही म्हणतेय. याला गोळ्या लागतील, वेळेवर झोपावं लागेल, आणि तुमच्यापैकी कुणाला तरी लक्ष ठेवायला लागेल. ते मात्र माहीत आहे.”

धाकट्याला काळेवाडीत आईकडं आणलं. आई लसूण सोलत बसली होती. मी जमेल तसं समजावलं. करणी नाही, डबा नाही, काकू नाही. तिनं मान वर केली नाही. मला वाटलं होतं भांडेल, देवाधर्माचं काढेल. ती म्हणाली, “घराण्यातून येतं म्हणजे बापाचं आलं म्हण की.”

“आई-बाप दोघांकडूनही येतं काय काय.”

“माझ्याकडनं पण?” पाकळी हातातच राहिली. आवाज एकदम खाली आणून ती म्हणाली, “हा पोटात होता तेव्हा मला ताप आला होता. अंग नुसतं फणफणायचं. पोटाला काही होईल म्हणून मी औषध पण धड घेतलं नाही. त्यानं झालं असंल का गं?”

अण्णा, मी तिच्या संशयाचं तोंड काकूकडून काढलं, तर ते असं फिरलं. मी म्हटलं, “नाही. मी डॉक्टरांना ते पण विचारलं. त्याचा काही संबंध नाही म्हणाल्या.”

“खरं विचारलंस?”

“विचारलं.”

ती माझ्याकडं बघत राहिली, मी काकूच्या डब्याकडं बघायचे तशी. मग पुन्हा लसूण सोलायला लागली.

धाकटा गोळ्या घेतो. त्याच्या साहेबांना भेटून मी राजीनामा मागं घ्यायला लावला, आता तो फक्त पहिल्या शिफ्टला जातो. गोळ्यांनी हात थोडे थरथरतात म्हणून कुरकुर करतो, पण झोपतो. मध्ये काकू त्याला बघायला आली, दारातच उभी राहिली. आई म्हणाली, “बस.” इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चहा टाकला, दोघींचे कप आणले. काकूनं कप हातात घेतला आणि आईशी गुडघेदुखीचं बोलत बसली. आईनं स्वतःचा कप तोंडाला लावेपर्यंत तिनं घोट घेतला नाही. ते फक्त मला दिसलं. कुणास ठाऊक, आईलाही दिसलं असेल. तुम्ही असतात तर एखादवेळेस दोघींचे कप ओढून स्वतःच प्यायला असतात.

मीही सुटलेली नाही. माझ्या लेकीचं अंग जरा कोमट लागलं तरी मी तिचे डोळे बघते. ती खूप हसली तरी बघते.

हे पत्र आईच्या हाती लागू द्यायचं नाही, म्हणून लिहून झालं की फाडणार आहे. तुम्हाला तेवढं सांगते. आईच्या तापाचं मी डॉक्टरांना विचारलंच नव्हतं. त्यानंतर धाकट्याला घेऊन किती वेळा त्यांच्यासमोर बसले. दर वेळी त्या विचारतात, “आणखी काही?” आणि मी नाही म्हणते.