आबा दुखतंय म्हणत नाहीत

माय, आबांचं तुला सांगायचं होतं. लकवा येऊन गेला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. आता ते धाराशिवला माझ्याकडं असतात. काहीही विचारलं की मान नाही अशीच हलवतात. चहा हवा का, नाही. दुखतंय का, नाही. आणि चहा समोर धरला की पितात.

मधे त्यांनी जेवण सोडलं. दुधात कुस्करलेली भाकरी तोंडाशी नेली की ताट ढकलायचे. दाढी करायला गेलो तर डाव्या हातानं माझा हात झिडकारला, वस्तरा माझ्याच बोटाला लागला. धाकटा फोनवर म्हणाला, "आता त्यांचं डोकं चालंना दादा. दाढी करताना हात बांधत जा." डॉक्टरांनी शांत राहायची गोळी दिली. आबा दिवसभर गुंगीत पडून राहायला लागले. तू न पाहिलेली तुझी सून एकदा म्हणाली, "आबा असे चिडके नव्हते हो. कायतरी होतंय त्यांना."

तेव्हा मला ढोकीचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. आबा कारखान्यातून येतात, पाटावर बसतात. तू विचारतेस, "लागलंय का कुठं?" "काय न्हाय." "मग त्यो वरचा डबा काढा बरं." आबा हात वर करतात आणि त्यांचा डावा डोळा बारीक होतो. तू तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठतेस, सदरा वर करतेस. खांद्यापासून बरगडीपर्यंत काळंनिळं झालेलं. मला म्हणालीस, "ह्या माणसाला इचारू न्हाय. हालचाल करताना तोंडाकडं बघावं."

मग मी विचारणं सोडलं. सकाळी त्यांना गार पाणी पाजलं आणि बघत राहिलो. डावा डोळा बारीक झाला. जबड्यावरून हळूहळू बोट फिरवलं. डावीकडं मागं पोचलो तसं कपाळ आक्रसलं आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. सुनेनं बॅटरी आणली. दाढेखाली हिरडी टम्म सुजलेली, पू धरलेला. रिक्षानं दातांच्या डॉक्टरकडं नेलं. ते म्हणाले, "लई दिवसापासून ठणकत असणार हे." सूज उतरल्यावर दाढ काढली. शांत राहायची गोळी आधीच्या डॉक्टरांना विचारून बंद केली. हळूहळू आबा वरण-भात खायला लागले. दाढी करताना आता स्वतःच गाल पुढं करतात. परवा धाकटा येऊन गेला. त्यांना भरवताना घास हातातच धरून म्हणाला, "दादा, मला कळलंच न्हाय."

आता दुपार आहे. ते खिडकीकडं तोंड करून पडलेत, मी शेजारी बसून लिहितोय. हे कागद कुठं धाडायचे नाहीत, माहीत आहे. पण तुला एक सांगतो. आत्ता ते शांत आहेत ते दुखत नाही म्हणून, का दुखणं गिळायची सवय आहे म्हणून, ते मला अजून नक्की ओळखता येत नाही. तुला आलं असतं.